चौऱ्याण्णव टक्के शिवन्या

लातूरला कुठल्याही परीक्षेचा नुसता वास लागला, की तिचा क्लास निघायला वेळ लागत नाही. डॉक्टर-इंजिनियरच्या परीक्षा होत्या तोवर त्यांचे क्लास होते. पुढे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने जाहीर केलं, की बाहेरदेशच्या मुलांची आम्ही परीक्षाच घेणार नाही, मूल जसं आहे तसं बघू. लातूरने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात ‘जसं आहे तसं’ दिसण्याचे क्लास सुरू झाले.

त्यातला सगळ्यात चालणारा क्लास होनराव सरांचा. त्यांच्याकडे प्रणिता बिराजदार आपल्या लेकीला, शिवन्याला, घेऊन आली, तेव्हा तिला लातुरात येऊन दोन वर्षं होत आली होती. नवरा मल्लिनाथ उदगीरला, पाइप आणि मोटारींच्या दुकानात. ही इथे एका खोलीत, शेगडीपासून हातभर अंतरावर लेकीचं टेबल. अशा आयांची लातुरात वस्तीच आहे. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्या एकमेकींच्या पोरांची प्रगती विचारतात. विचारण्यात माया असते आणि ऐकण्यात अजिबात नसते. प्रणिता या बायकांत जरा वेगळी होती. ती विचारत नसे, नुसती बघत असे. कुणाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या, कुणाचा मुलगा चप्पल न वाजवता जिना चढतो, यावरून कुणाचा निकाल कसा लागणार हे तिला आधीच कळायचं. बारावीला ती तालुक्यात पहिली आली होती. मग लग्न झालं, आणि त्या हुशारीचा उपयोग सासूबाईंच्या औषधांच्या वेळा लक्षात ठेवायला झाला.

“विज्ञान अगदी सोपं आहे, ताई,” होनराव सर म्हणाले. सर बुटके, टापटीप, आणि कुठलीही गोष्ट सोपी आहे म्हणताना खुर्ची पुढे ओढणारे. “समुद्रात वादळ उठतं. ते कुठे धडकणार हे हवामानवाले एकदा गणित करून सांगत नाहीत. हजार वेळा करतात, दर वेळी सुरुवात किंचित बदलून. हजारातली आठशे वादळं एकाच किनाऱ्यावर आली, की म्हणायचं ऐंशी टक्के. माणूस काय, वादळच आहे.”

“ही तर झुळूक पण नाही,” प्रणिता शिवन्याकडे बघत म्हणाली. शिवन्या नख खात होती.

सरांनी पुढचं समजावलं. नेब्रास्काहून मनगटात घालायचा एक पट्टा येतो. सहा आठवडे तो नाडी, झोप, घाम, चालणं, दचकणं सगळं टिपतो. रोज फोनवर काही प्रश्न येतात, मराठीतूनच. या सगळ्यातून संगणकात त्या मुलाची प्रतिकृती उभी राहते. तिचं सरकारी नाव अग्रछाया. लातूरकरांनी ते कापून नुसतं छाया केलं. दुसरीकडे प्रत्येक कॉलेजने आपली वीस वर्षांची नोंद देऊन स्वतःचंही एक चित्र उभं केलेलं असतं: वसतिगृह, खानावळ, बर्फ, कोणत्या महिन्यात कोणत्या स्वभावाची मुलं सामान बांधतात, सगळं. मग छायेला त्या कॉलेजात हजार वेळा सोडायचं. ती आयुष्यं संगणकात दुपारभरात जगून होतात. हजारातून जितक्या वेळा ती पदवी घेऊन बाहेर पडेल, त्याची टक्केवारी.

“पण त्यांना एवढी उठाठेव कशाला?”

“तिथली पोरं संपली, ताई. जन्मतच नाहीत. कॉलेजं आपल्यासारख्यांवर चालतात, आणि आपली पोरं अर्ध्यात पळून येतात. म्हणून राज्याने कायदा केला. ज्याची छाया टिकेल, त्यालाच प्रवेश.”

सरांच्या भिंतीवर नेब्रास्काचा नकाशा होता, आडव्या ठेवलेल्या पळीसारखा. त्यावर रंगीत टाचण्या. लाल टाचणी म्हणजे सँडहिल्स युनिव्हर्सिटी, राज्यातली सगळ्यात मोठी, जिथे संशोधन चालतं. पिवळ्या म्हणजे मधली सरकारी कॉलेजं. निळ्या म्हणजे जुनी, लहान, खाजगी. आणि नकाशाभर विखुरलेल्या हिरव्या, त्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांच्या. त्यांच्याकडे सर स्वतःहून कधी बोट नेत नसत.

आधी क्लासच्याच एका पट्ट्यावर शिवन्याची चाचणी झाली. तो नेब्रास्काला जोडलेला नव्हता. त्यातून नुसता अंदाज मिळायचा. निकाल आला तो असा: सँडहिल्स अडतीस टक्के. आणि एल्क फोर्ड नावाच्या गावातलं हिरव्या टाचणीचं कॉलेज, एक्क्याऐंशी.

“तिथे काय शिकवतात?” शिवन्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“जनावरांच्या दवाखान्यातलं काम. वर्गात पंधरा-वीस पोरं. गाव एवढंसं, धान्याचे मनोरे आणि एक पेट्रोल पंप.”

शिवन्याचं नख तोंडातून बाहेर आलं. गर्दी दिसली की या मुलीचे हात गार पडत, पण आजोळी निलंग्याला आजारी वासरापाशी ती दिवस दिवस बसायची, आणि तेव्हा हात कसे गरम असायचे. प्रणिताने ते चमकलेले डोळे पाहिले. पाहिले, आणि मनातल्या मनात बाजूला ठेवले.

बाकीचं काम फोनवर मल्लिनाथने केलं. “दोन वर्षांचं? ढोरांचं? अगं, देवणी गाय बघायला लोक जगातून आपल्याकडं येतात, अन् ही ढोरं बघायला नेब्रास्काला जाणार? दुकानात येऊन बस म्हणावं त्यापेक्षा!”

“पप्पा, पण तिथे माझे एक्क्याऐंशी…”

“एक्क्याऐंशी कशात, हे पण लोक विचारतात, बाळा.”

होनराव सरांनी प्रणिताला जिन्यापर्यंत सोडलं. एरवी ते कुणाला सोडत नसत. “ताई, खरा पट्टा सीलबंद येईल. पहिल्या आठवड्यात तो ज्या मनगटाला ओळखतो, तोच त्याच्यासाठी विद्यार्थी. नंतर मनगट बदललं तर ओरडतो. घरात कोण काय घालतं, ते मी विचारत नसतो.” एवढं बोलून ते आत निघून गेले. पुढे कुणी विचारलंच तर त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

पट्टा आला. प्रणिताने तो उघडला आणि आपल्या हातात, बांगड्यांच्या मागे सरकवला.

“मम्मी, हे बरोबर आहे का?”

“तुझी नाडी आधी माझ्या नाडीवरच चालत होती. अजून सहा आठवडे चालली तर काय बिघडलं?”

“आणि प्रश्न?”

“ते तू लिही की.”

शिवन्याने दोन दिवस लिहिले. तिसऱ्या दिवशी प्रश्न आला, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ आणि शिवन्याने इतकं मोठं उत्तर लिहिलं, की प्रणिताने ते वाचून सगळं पुसलं. “हे पाठवलं तर अडतीसचे अठरा होतील,” ती म्हणाली. त्यानंतर फोन तिच्याकडेच राहिला.

सुरुवातीला ती एका हुशार, हसतमुख मुलीची उत्तरं लिहायची. पण यंत्र तेच तेच फिरवून विचारायचं आणि खोटं उत्तर लक्षात ठेवणं हे खऱ्यापेक्षा जास्त कष्टाचं असतं. हळूहळू ती खरं लिहू लागली. आयुष्यात तिला इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते. भाजी काय करायची हा घरातला एकमेव प्रश्न, आणि तोही तिनेच विचारायचा असायचा. आता कुणीतरी रोज विचारत होतं: तुम्हाला कोणी ओळखत नाही अशा शहरात पहिल्या सकाळी काय कराल? एखादी गोष्ट समजली की सांगावंसं कुणाला वाटतं? कोणत्या वयात तुम्ही स्वतःला सगळ्यात जास्त आवडलात? डाळ उतू जायची आणि प्रणिता दोन्ही अंगठ्यांनी लिहीत असायची. गच्चीवरच्या बायका म्हणू लागल्या, प्रणिताताई हल्ली उजळल्यात, लेकीचं काहीतरी पक्कं दिसतंय.

निकालाच्या दिवशी मल्लिनाथ उदगीरहून इस्त्रीचा शर्ट घालून आला. होनराव सरांनी भिंतीवरचा पडदा सुरू केला. सँडहिल्स युनिव्हर्सिटी: चौऱ्याण्णव टक्के.

मल्लिनाथ उठून उभाच राहिला. “बघा! रक्त कुणाचं आहे!”

“आणि एल्क फोर्ड?” शिवन्याने विचारलं.

“बावीस,” सर म्हणाले. “तिथे ही छाया वर्षभरात कंटाळून निघून जाते. त्यामुळे ते कॉलेज आता बंद आपल्याला. चांगलंच झालं, बंद झालं ते.”

शिवन्याने नख पुन्हा तोंडात घातलं.

नेब्रास्कावाले एक सोयही देत. प्रवेश ठरल्यावर कुटुंबाला छायेशी थोडा वेळ बोलता यायचं, तिसऱ्या वर्षातल्या छायेशी, म्हणजे लेकरू पुढे कसं होईल याची आईबापांना खात्री पटावी. सरांनी पडद्याला खूण केली, आणि समोर शिवन्या आली. तोच चेहरा, तोच आवाज, अर्जासोबत पाठवलेला. पण खांदे सरळ, नखं वाढलेली, केस मागे घट्ट बांधलेले. मागे खिडकी आणि खिडकीत बर्फ.

“काय म्हणतेस, बाळा!” मल्लिनाथ यंत्राला म्हणाला, आणि ओशाळून हसला. “जेवण-बिवण?”

“करते की. एकटीचं किती लागतं?”

“दिवाळीला येणार ना?”

“नाही जमायचं.”

“मग उन्हाळ्यात?”

“बघू.” छाया हसली. हसण्यात काही वाईट नव्हतं, पण ते ‘बघू’ बिराजदारांच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. माहेरी कधी जाणार असं कुणी विचारलं, की प्रणिता ते वापरायची.

मल्लिनाथ कुजबुजला, “हुशार झाली पोरगी. जरा तुसडी झाली, चालायचंच. तू विचार की काहीतरी.”

प्रणिता खुर्चीत पुढे सरकली. “करमतं का गं तिथे?”

छायेने तिच्याकडे बघितलं. निदान पडद्यावर तसं दिसलं. “खरं सांगू? सकाळी उठते तेव्हा कुणाचं काही करायचं नसतं. चहा करते, तो गार व्हायच्या आत पिते. बारावीनंतर पहिल्यांदा मला कुणी हाक मारत नाही. मी परत यायचा विचार केला ना, तर माझा श्वास अडकतो.”

मल्लिनाथ मोठ्यांदा हसला. “ऐका! हिनं कधी कुणाचं काय केलंय? सकाळी हिला उठवायला तीनदा हाका माराव्या लागतात! सर, मशीन जरा जास्तच बोलूलालंय तुमचं!”

सरही हसले. शिवन्या मात्र हसली नाही. ती पडद्याकडे बघतही नव्हती. ती आईकडे बघत होती.

खोलीवर आल्यावर मल्लिनाथ पेढे आणायला गेला आणि शिवन्या टेबलाशी बसून राहिली. मग म्हणाली, “ती तू होतीस.”

“मशीन आहे ते, शिवू. त्याला काय कळतं?”

“चौऱ्याण्णव टक्के कळतं. मी तिथे शंभरात अडतीस वेळा टिकते, तू चौऱ्याण्णव वेळा. आणि त्या चौऱ्याण्णव वेळा तू आम्हाला सोडून जातेस.”

प्रणिताने शेगडी पुसायला घेतली. “मी कुठे गेले? ही काय, इथे आहे.”

“कुणी जाऊ दिलं नाही म्हणून आहेस.”

असं बोलणं या मुलीला येतं हे प्रणिताला माहीत नव्हतं. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला वाटलं, हे वाक्य आपणच केव्हातरी अंगठ्यांनी लिहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच होनराव सरांकडे गेली. “सर, पट्टा मी घातला होता असं कळवलं तर?”

सरांनी खुर्ची मागे ओढली. “पाच वर्षं बंदी. सगळ्या राज्यात, लाल टाचणीपासून हिरव्यापर्यंत. आणि नेब्रास्का ज्याला बंदी घालतं, त्याला शेजारची राज्यंही उभं करत नाहीत. ताई, लोक अडतीसवाल्यासाठी रडत येतात माझ्याकडे. चौऱ्याण्णववाल्यासाठी रडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“ती तिथे टिकणार नाही.”

“कागदावर तर टिकते. लेकरं कागदाप्रमाणे वागायला शिकतात हो. लातूर त्याच्यावरच तर चालतं.”

घरी आल्यावर तिने शिवन्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, तू नको म्हण, पप्पांचं मी बघते. त्या वेळी उदगीरला दुकानाबाहेर शिवन्याच्या फोटोचा फलक लागून झाला होता. शिवन्याने बॅग भरायला घेतलेली होती.

“मी जाते,” ती म्हणाली. “तुझ्या जागेवर कुणीतरी जायला पाहिजे ना.”

सँडहिल्सला एक पद्धत होती, जी होनराव सरांनी सोपी आहे म्हणून सांगितली नव्हती. मूल आलं म्हणून छाया बंद होत नसे. ती संगणकात मुलाच्या बरोबरीने चालत राही, आणि दर महिन्याला दोघांची तुलना होई. तिथे पट्टा नसे, विद्यापीठाने दिलेल्या फोनमधल्या नोंदी असत. छाया या महिन्यात किती तास वाचनालयात होती, तुम्ही किती. छाया किती झोपली, तुम्ही किती. यातल्या फरकाला तिथे जे काही म्हणत, त्याचं मराठी पत्रकात ‘तफावत’ असं केलं होतं. तफावत वाढली, की समुपदेशक बोलावी. सलग दोन सत्रं वाढलेली राहिली, की जागा जाई, जागेबरोबर व्हिसाही.

विद्यापीठाचा हेतू चांगला होता. तुम्हीच तुमच्या उत्तम रूपाशी स्पर्धा करा, असं ते म्हणत. मूल दुसऱ्याच्याच रूपाशी स्पर्धा करत असेल, हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं. ती कल्पना लातूरची.

पहिल्या सत्रात शिवन्याची तफावत इतकी होती, की समुपदेशक बाईंना वाटलं यंत्र बिघडलं. प्रणिता आता उदगीरला परत आली होती. तिथे संध्याकाळी साडेसहा वाजता, म्हणजे शिवन्याच्या सकाळी, रोज फोन यायचा. पडद्यावर सुजलेले डोळे.

“मम्मी, खानावळीत तीनशे लोक असतात गं. मी ताट घेऊन उभी राहते आणि कुठे बसायचं तेच कळत नाही.”

“कशाला रडूलालीस?” मागून मल्लिनाथ म्हणायचा. “कुठंही बस की! खुर्च्या काय कुणाच्या बापाच्या आहेत?”

एक दिवस शिवन्या रडली नाही. वही घेऊन बसली होती. “मम्मी, तू असतीस तर कुठे बसली असतीस?”

प्रणिता भाजी निवडत होती. ती थांबली. “मी? मी खिडकीपाशी बसले असते. पुस्तक उघडून. लोकांना वाटावं वाचतेय, आणि आपण सगळ्यांना बघावं.”

“आणि कुणी बोलायला आलं तर?”

“आधी त्यालाच बोलू द्यायचं. लोकांना तेच हवं असतं.”

शिवन्याने लिहून घेतलं. त्या महिन्यात तफावत जराशी उतरली.

मग ते रोजचंच झालं. तू असतीस तर कधी उठली असतीस. पाचला. प्राध्यापक चुकले तर वर्गात सांगितलं असतंस का. नाही, नंतर खोलीत जाऊन, त्यांना स्वतःलाच सापडलं असं वाटेल अशा बेताने. कुठला विषय घेतला असतास. संख्याशास्त्र, डोळे झाकून. प्रणिताला सगळी उत्तरं तयार असायची. कुठून येतात याचं तिलाच नवल वाटे. सकाळी पोळ्या लाटताना ती मनात सँडहिल्सच्या बर्फातून चालायची, आणि संध्याकाळी त्या चालण्याची शिकवणी घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, लेक लांब गेली तरी बाईच्या तोंडावर तेज आहे. तेज होतं खरं. ते कशाचं आहे, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. एवढी हिशोबी बाई, पण हा एक हिशोब तिने मांडायचाच टाळला.

शिवन्या बदलत गेली. आधी नखं वाढली. मग केस मागे घट्ट बांधले गेले. एकदा प्रणिताने उगाच सांगितलं, निलंग्याच्या गाईला कालवड झाली, पांढरी शुभ्र, कपाळावर काळा ठिपका. पूर्वी या एका बातमीवर ही मुलगी अर्धा तास नाचली असती.

“अच्छा,” शिवन्या म्हणाली. “बरी आहे ना?” आणि घड्याळाकडे बघितलं.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात महिन्याचं पत्रक आलं, तेव्हा सगळे आकडे जुळले होते. अभ्यास, झोप, मित्र, चालणं. फक्त एक रकाना लाल होता. घराशी संपर्क: छायेपेक्षा फार जास्त. समुपदेशक बाईंनी प्रेमाने लिहिलं होतं, की तू आता पंख पसरायला हवेस. खाली नियमाची आठवण होती: याआधीचं सत्र लाल गेलं आहे, हे दुसरं.

त्या संध्याकाळी शिवन्याने फोन केला तेव्हा ती शांत होती. “मम्मी, ती महिन्यातून एकदा घरी फोन करते. तीन-चार मिनिटं. तिसऱ्या वर्षापासून तेही नाही.”

“मला माहीत आहे.”

“मी रोज करते. म्हणून लाल येतंय.”

“मग आठवड्यातून एकदा कर. हळूहळू…”

“आठवड्यालाही लालच येतं. मी विचारलं.” तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर पांढरं होतं. “म्हणून शेवटचं विचारायला फोन केला. तू असतीस तर काय केलं असतंस?”

मल्लिनाथ दुकानात होता. घरात प्रणिता आणि पडदा. दीड वर्ष तिला या मुलीच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ओठांवर असायचं. आज पहिल्यांदा ती आई म्हणून बोलली.

“शिवू, तू परत ये.”

शिवन्याने हातातली वही मिटली.

“खरंच ये. बंदी घालू देत. पप्पांना मी सांगते, लोकांनाही मीच सांगते, माझा हात होता म्हणून. निलंग्याला गुरांच्या डॉक्टरांकडे मदतीला जा. कालवड आहे तिथे. तुला आवडतं ते कर. ये गं.”

क्षणभर पडद्यावर ती जुनी मुलगी आली, वासराजवळ बसणारी, गरम हातांची. प्रणिताला वाटलं, हो म्हणते आता.

“तू आली असतीस?” शिवन्याने विचारलं.

प्रणिताला फक्त हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. खोटं बोलण्यात ती काही कच्ची नव्हती. सहा आठवडे यंत्राला तिने फसवलं होतं. पण समोरची मुलगी दीड वर्ष तिचाच अभ्यास करत होती. प्रणिता श्वास घेताना कुठे थांबते, काय लपवताना पदर सावरते, हे त्या मुलीला आता सगळं पाठ होतं. प्रणिताने पदर सावरला.

“बघ,” शिवन्या म्हणाली.

“पण शिवू, मी वेगळी. तू…”

“मी कोण आहे ते मला इथे कुणी विचारलेलंच नाही, मम्मी. तुलाच विचारलं होतं.” तिने केस मागे घेतले, घट्ट. “बरं. ठेवू? मला आवरायचंय.”

“नीट जेवशील ना?”

“बघू,” शिवन्या म्हणाली आणि पडदा बंद झाला.

त्यानंतरच्या तीन संध्याकाळी साडेसहाला प्रणिताने फोन हातात घेतला आणि ठेवला. तिने केला असता, तरी तो संपर्कच धरला गेला असता. चौथ्या दिवसापासून ती त्या वेळेला देवळात जाऊ लागली. देवावर तिचा फारसा विश्वास नव्हता, पण तिथे फोन आत नेऊ देत नसत.

महिना गेला. दुपारी मल्लिनाथ दुकान अर्धवट सोडून घरी आला. हातात छापलेलं पत्रक आणि मिठाईचा पुडा.

“बघ, बघ! एकही लाल नाही! ‘तफावत नाही’ म्हणून लिहिलंय. ती मॅडम लिहूलाली, अशी मुलगी आम्ही पाहिली नाही. दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं.” तो धापा टाकत खुर्चीत बसला. “फोन आला होता का तिचा?”

“नाही.”

“अभ्यासात असंल. मोठ्या ठिकाणी असंच असतंय.” त्याने पेढा पुढे केला. “घे की. तोंड का असं?”

प्रणिताने पत्रक घेतलं. पाचला उठणं. खिडकीजवळची जागा. संख्याशास्त्र. महिन्यात घरी फोन, एक. तो नवा नव्हता, महिन्यापूर्वीचा तो शेवटचाच मोजला होता. ओळीमागून ओळ तिने वाचली आणि पुन्हा वरून वाचली, हरवलेली वस्तू त्याच कपाटात परत शोधावी तशी.

“यात शिवन्याचं काय आहे?” तिने विचारलं.

“काय म्हणजे?” मल्लिनाथने पत्रक तिच्या हातून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, आणि सगळ्यात वरच्या ओळीवर पेढ्याचं बोट ठेवलं. “हे काय. नाव आहे की तिचं.”